घाबरू नये, ही रंगीत तालीम आहे

४ मार्च रोजी नगरपालिकेच्या आरोग्य विभागाने ध्वनिक्षेपकाच्या दुरुस्तीसाठी एक हजार आठशे चाळीस रुपये मंजूर केले. या रकमेत ॲम्प्लिफायरची नवी वायर, माइकची कळ आणि गाडीच्या टपावरच्या दोन कर्ण्यांपैकी चेपलेला एक ठोकून सरळ करणे, एवढी कामे होती. मेकॅनिकने कर्णा उतरवला तेव्हा त्यातून चिमणीचे जुने घरटे निघाले. म्हणजे गेली काही वर्षे आरोग्य विभागाचा निम्मा आवाज गवतकाड्यांतच जिरत होता.

"तरीच म्हटलं, लोक ऐकत का नाहीत," हेडक्लार्क म्हणाले.

गाडीच्या ड्रायव्हरनी घरटे अलगद उचलून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवले आणि हात झटकले. ऑफिसात त्यांचे बोलणे जेमतेमच असे.

या ड्रायव्हरना हजेरीपटावर रीतसर नाव होते, पण त्या नावाला फक्त पगाराच्या दिवशी काम पडे. एरवी सगळे गाव त्यांना भोंगा म्हणे. पोरे भोंगाकाका म्हणत, बरोबरीचे भोंगेराव म्हणत, आणि ज्या म्हाताऱ्यांनी त्यांना हाफचड्डीत पाहिले होते त्या सरळ "ए भोंग्या" अशी हाक मारत. काकांना तिन्ही चालत.

ते नोकरीला लागले डासांवर धूर मारण्याच्या गाडीवर. पुढे गावात फिरून सूचना देणारे निवेदक निवृत्त झाले. त्यांची जागा भरण्याची फाईल वर गेली आणि वरच राहिली. तोवर तात्पुरते तुम्हीच बोला, असे तेव्हाच्या साहेबांनी सांगितले. ते साहेब बदलून गेले, त्यांच्यानंतरचे दोन साहेब बदलून गेले, तात्पुरते मात्र जागचे हलले नाही.

काम वाटते तितके सोपे नव्हते. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात माइक. गिअर टाकायची वेळ आली की काका माइक हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये धरत, त्यामुळे "शनिवारी सकाळी दहा वाजता लहान मुलांना" याच्यानंतर "घुर्रर्र" असा आवाज येई आणि मग "लस देण्यात येईल." लोकांना याची इतकी सवय झाली होती की घुर्र कुठे आले यावरून बायका सांगत, गाडी गिरणीच्या चढावर आली. कागद समोर धरून वाचणे शक्यच नव्हते. म्हणून काका प्रत्येक सूचना आदल्या दिवशी पाठ करत, अगदी शाळेतल्या पाढ्यासारखी. पहिला शब्द तोंडातून सुटला की बाकीचे शब्द आपोआप मागून येत. आणि एक गंमत गावात कुणालाच माहीत नव्हती. कर्णे बाहेरच्या बाजूला तोंड करून असल्यामुळे गाडीच्या आत काकांना स्वतःचे बोलणे ऐकूच येत नसे. आत फक्त एक घुमघुम चाले. ते काय बोलले हे सगळ्या गावाला कळे, त्यांना सोडून.

घरी आले की माणूस एकदम बंद.

"दिवसभर गावाला सांगत फिरता," त्यांची बायको म्हणे, "घरात दोन शब्द बोलायला काय पैसे पडतात?"

"घसा," काका गळ्याकडे बोट दाखवत.

"घसा! माझ्याशीच बरा बसतो तुमचा घसा."

काका हसत आणि जेवायला बसत. ते खऱ्या अर्थाने बोलत ते एकाच ठिकाणी. त्यांची मुलगी चिऊ टेकडीवरच्या भागात, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे. जावई एका कारखान्यात पाळीवर. चिऊचा मुलगा सात महिन्यांचा. काका त्याला 'साहेब' म्हणत, कारण तो जागा झाला की घरातले सगळे उठून उभे राहत. संध्याकाळी गाडी जमा केली की काका पायी टेकडी चढून साहेबांकडे हजेरी लावत आणि तिथे एका बारीक, चिरक्या आवाजात इतकी बडबड करत, की शेजारीण एकदा विचारायला आली होती, कुणी पाहुण्या आल्यात का म्हणून.

आरोग्य विभागात नव्या डॉक्टरीणबाई आल्यापासून काकांच्या कामात एक भर पडली. बाई तरुण. पायात कायम खेळाडूचे बूट, आणि टेबलामागे भिंतीवर गावाचा मोठा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या. त्यांच्या आधीचे अधिकारी आजार झाल्यावर धावत. बाईंचे म्हणणे असे, की धावायचे कुठे हे आधी ठरलेले पाहिजे. साथ आली, पाणी बिघडले, आग लागली, काही झाले तरी कोण कुणाच्या दाराची कडी वाजवणार हे त्यांनी गल्लीवार ठरवले. प्रत्येक गल्लीत एक 'गल्लीमित्र' नेमला आणि त्याला एक शिट्टी दिली. टेकडीवरच्या मुख्य गल्लीची शिट्टी शिंप्याला मिळाली. तो ती मापाच्या टेपबरोबर गळ्यात घालून बसे.

मग गेल्या वर्षी बाईंनी पहिली तालीम घेतली. विषय होता, पिण्याचे पाणी दूषित झाले तर. मजकूर बाईंनीच लिहून दिला आणि काकांनी तो घोकून गावभर म्हटला. "नागरिकांनो, लक्ष द्या. नळाचे पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. भरलेले पाणी ओतून द्या. शेजारच्या घरी कळवा."

पण ही तालीम आहे, हे सांगायचे राहून गेले. बाईंना वाटले ते नोटीस बोर्डावर लावले आहे, लोक वाचतील. नोटीस बोर्ड नगरपालिकेच्या जिन्याखाली होता.

त्या दिवशी गावात जे झाले ते पुष्कळ दिवस पुरले. एक गृहस्थ आईला हातगाडीवर बसवून मावशीच्या गावाला निघाले, ते वेशीवर सापडले. पाण्याचे सीलबंद डबे विकणाऱ्याने भाव दुप्पट केला आणि दुपारपर्यंत दुकान रिकामे केले. सगळ्यात आज्ञाधारक निघाले ते खुद्द नगराध्यक्ष. त्यांनी गच्चीवरची पूर्ण टाकी सोडून दिली, आणि खालच्या मजल्यावर त्यांच्या सुनेचे धुणे वाळत होते. संध्याकाळी ते आरोग्य विभागात आले तेव्हा हेडक्लार्क आधीच कुठेतरी कामाला निघून गेले होते.

नगराध्यक्ष गेल्यावर बाईंनी काकांना बोलावले. मजकुराच्या कागदाला त्यांनी खाली एक ओळ जोडली होती. 'घाबरू नये, ही फक्त रंगीत तालीम आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.'

"काका, एक सांगते," बाई म्हणाल्या. "बाकीचं काही विसरलात तरी चालेल. हे वाक्य विसरायचं नाही. कधीच नाही."

"नाही विसरणार, मॅडम," काका म्हणाले. आणि शब्दाला पक्का माणूस. त्यांनी ते वाक्य असे घोकले की ते झोपेतही तोंडून निघू लागले.

"रात्री मला 'घाबरू नये' म्हणत होतात," बायको सकाळी म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, तेव्हा नाही घाबरले, आता काय घाबरते!"

त्यानंतर महिन्याला एक तालीम होऊ लागली, आणि खरे सांगायचे तर गावाला ती आवडू लागली. शिट्ट्या वाजत, माणसे दारात येत, शिंपी यादीवर खुणा करत फिरे, म्हाताऱ्या आपापल्या जिन्यात बसून कोण उशिरा बाहेर आला यावर शेरे मारत. काकांचे शेवटचे वाक्य आले की सगळे हसत आत जात. पोरांना ते तोंडपाठ झाले. वर्गात मास्तरांनी छडी उचलली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "घाबरू नये, ही फक्त रंगीत तालीम आहे."

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी शेतीची फवारणीची औषधे घेऊन जाणारा एक ट्रक कालव्याच्या पुलाजवळ कलंडला. दोन पिंपे फुटून कालव्यात गेली. ट्रकचा ड्रायव्हर जखमी होऊन पडला होता, त्यामुळे बातमी निघायला वेळ लागला. जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसांनी कळताच पंप बंद केले, पण टेकडीवरची टाकी तोवर भरली होती आणि तिच्यातून नळ सुटले होते. खालचे गाव वाचले, कारण त्याची टाकी वेगळी. टेकडीवरच्या घराघरांत मात्र त्या वेळी पाणी भरणे चालू होते. त्या पाण्याला ना रंग, ना वास.

बाईंनी मोबाइलवर संदेश पाठवले. पण पाणी यायच्या वेळेला मोबाइल चार्जिंगला असतो आणि माणूस नळाला. शिवाय टेकडीच्या ग्रुपवर सकाळपासून 'शुभ सकाळ'ची इतकी फुले पडली होती, की बाईंचा संदेश त्यांच्याखाली गाडला गेला.

बाई जिना उतरून स्वतः गाडीपाशी आल्या.

"काका, पाण्याचा मजकूर. टेकडीचा सगळा भाग. हे खरं आहे, कळलं ना? लगेच निघा."

"निघालो, मॅडम."

टेकडी म्हटल्यावर काकांच्या डोळ्यांपुढे दुसरा मजला आला. साहेबाला हल्ली दिवसातून दोनदा बाटलीतून पावडरचे दूध चालू होते, आणि ते चिऊ नळाचे पाणी उकळून त्यातच करायची. आणि हे पाणी उकळूनही उपयोग नव्हता. काकांनी निघता निघता तिला फोन लावला. घंटी वाजत राहिली. बाळ झोपले की चिऊ फोनचा आवाज बंद करून ठेवते, हे त्यांना माहीत होते. काही हरकत नाही, ते मनात म्हणाले, कर्णा तर ऐकेल.

त्यांनी गाडी चढाला घातली आणि पहिला शब्द सोडला. "नागरिकांनो." बाकीचे आपोआप मागून आले. नवी वायर, सरळ कर्णा, आवाज असा सुटला की पारवे उडाले. गिरणी झाली, शिंप्याची गल्ली झाली, शाळा झाली, चिऊच्या इमारतीखालून गाडी गेली. गॅलऱ्यांतून माणसे हात करत होती. इतक्या मोठ्या संकटात हे लोक किती शांत, काकांना कौतुक वाटले. बाईंच्या तालमी फुकट गेल्या नाहीत.

फेरी पूर्ण करून ते खाली उताराला, केशकर्तनालयापाशी थांबले. हे दुकानही टेकडीच्याच टाकीवर. न्हावी दारात आला. आत खुर्चीत एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून बसले होते.

"वा, भोंगेराव! आज काय आवाज! हा घ्या, घसा ओला करा." न्हाव्याने भरलेला पेला पुढे केला. काठोकाठ, बाहेरून ओला.

काकांनी पेला हातात घेतला, तोंडाजवळ नेला, आणि थांबले.

"हे कुठलं पाणी?"

"कुठलं म्हणजे? नळाचं. आत्ताच माठ भरला. मीही प्यायलोय की."

"अहो, मी मघापासून काय ओरडत फिरतोय?"

"पाणी पिऊ नका म्हणून."

"मग?"

"मग शेवटी म्हणालात की, घाबरू नये, ही फक्त रंगीत तालीम आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद. अहो, मी वस्तरा खाली ठेवून ऐकलं, अजून काय सहकार्य करू?"

"मी असं म्हणालो?"

"तीनदा," फेसातून गिऱ्हाईक म्हणाले. "प्रत्येक कोपऱ्यावर तीनदा म्हणता की तुम्ही."

काकांनी पेला पायरीवर ओतला. मग दुकानात शिरून माठ उचलला आणि तोही दारात उपडा केला.

"अहो भोंगेराव, काय हे!"

"खरं आहे ते. पाणी खरंच खराब आहे. औषधाचा ट्रक पडलाय कालव्यात. तुम्ही दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता."

न्हावी पोटावर हात ठेवून स्टुलावर बसला. "मला एकदम कसंतरीच व्हायला लागलं," तो म्हणाला.

"मघाशी बरा होतास ना?" गिऱ्हाईक म्हणाले. "आणि माझ्या दुसऱ्या गालाचं काय?"

काकांनी बाईंना फोन लावला. एवढे अवघड वाक्य त्यांनी माइकवरही कधी म्हटले नव्हते. "मॅडम, मी शेवटचं वाक्य बोललो. सगळीकडे."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मग मला काय फोन करताय?" बाई म्हणाल्या. "फिरा परत! मी रुग्णालयात सांगून ठेवते."

काकांनी चिऊला पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यांनी गाडी वळवली.

आता गाडी कशी चढली हे गिअरलाच ठाऊक. "नागरिकांनो, लक्ष द्या," काका ओरडले. "ही रंगीत तालीम नाही. ही रंगीत तालीम नाही. नळाचे पाणी पिऊ नका." गिरणीपाशी त्यांनी काच खाली करून पाहिले. गिरणीवाल्याने त्यांना नमस्कार केला आणि तांब्या तोंडाला लावला. शिंप्याच्या गल्लीत शिंपी शिवणयंत्रावरून मान वर करून ओरडला, "भोंगाकाका, आज दोन तालमी? वाक्य नवीन घातलंय वाटतं! मस्त आहे, खरं वाटतं!"

"अरे, खरंच आहे!"

"तेच म्हणतोय मी, खरं वाटतं!"

तोच आवाज, तीच चाल, तेच 'नागरिकांनो'. वर्षभर ज्या आवाजाने आत जा म्हणून सांगितले, त्याच आवाजावर कोण बाहेर येणार? ते शाळेच्या कोपऱ्यावर आले. मधली सुट्टी नुकतीच झाली होती. पोरे नळांपुढे रांगेत उभी होती, पुढची ओंजळ धरून. आणि शाळेच्या पलीकडे, झाडाच्या वर, चिऊच्या घराची खिडकी दिसत होती. खिडकीत दुपट्याची दोरी. चिऊ दिसत नव्हती.

काकांनी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केली. खाली उतरून धावत जिना चढावा, असे पायांना वाटत होते. हात मात्र माइकच्या कळेवरून निघेना. त्यांनी तोंड उघडले, आणि पाठ केलेले काहीच बाहेर आले नाही.

"चिऊ," ते म्हणाले.

दोन्ही कर्ण्यांतून ती हाक टेकडीवर गेली. रांगेतली पोरे वळून बघू लागली.

"चिऊ, अगं मी बाबा बोलतोय. फोन का उचलत नाहीस गं? ती बाटली बाजूला ठेव. साहेबाला त्या पाण्याचं काही देऊ नकोस. पाणी खराब झालंय, खरंच झालंय. मघाशी मी चुकलो. तालीम-बिलीम काही नाही. सवयीनं बोलून गेलो मी, तोंडाला कुलूप लावायला पाहिजे माझ्या. उठ ना गं. खिडकीत ये. मला दिसू दे."

शेवटी शेवटी आवाज चिरकला आणि तो सगळ्या टेकडीने ऐकला. हा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता. शिंप्याचे यंत्र थांबले. मास्तर ऑफिसातून पळत आले आणि त्यांनी एकामागून एक नळ बंद केले. एका पोराने तोंडात घेतलेली गुळणी जागीच थुंकली. एका उंच खिडकीतून म्हातारीचा आवाज आला.

"ए भोंग्या! खरं का रे?"

"खरं गं मावशी! ओत सगळं!"

"आत्ताच तर दोन पिंपं भरली रे!"

"दोन्ही ओत!"

"मग तू चढून ये आणि ओत, माझे गुडघे काय सरकारी आहेत?" म्हातारी म्हणाली, पण पिंप कलंडल्याचा आवाज आला. तेवढ्यात शिंप्याची शिट्टी वाजली. ती ऐकून मागच्या गल्लीची वाजली, मग गिरणीपाशीची. त्यापुढचे सगळे काही लोक तालमीसारखेच करत गेले, फक्त हसत कुणी नव्हते. कड्या वाजल्या, हंडे उपडे झाले, गटारे भरून वाहू लागली. म्हातारीच्या घरी पिंपे ओतायला शिंपी स्वतः गेला, गळ्यात टेप आणि हातात कात्री तशीच.

चिऊ खिडकीत आली. केस विस्कटलेले, कडेवर साहेब, हातात बाटली. काकांचा अंगठा अजून कळेवरच होता, त्यामुळे त्यांचे पुढचे बोलणेही सगळ्यांना ऐकू गेले.

"दिलंस का?"

चिऊने बाटली वर धरली. अर्धी रिकामी होती.

सगळी गल्ली त्या बाटलीकडे बघत राहिली.

"उतर खाली," काका म्हणाले, आणि मग त्यांनी माइक ठेवला.

रुग्णवाहिका ट्रकच्या ड्रायव्हरला घेऊन गेली होती. शाळेच्या दारात एक रिक्षा उभी होती, रिक्षावाल्याने न विचारताच ती सुरू केली. चिऊ जिना उतरून आली तेव्हा साहेब तिच्या खांद्यावर डोके टाकून होता. झोपेने की कशाने, ते कळेना. काकांनी त्याच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. साहेबाने पाय ओढून घेतला.

"बसा बाबा," चिऊ आत सरकत म्हणाली.

काकांनी मागे बघितले. पाण्याच्या टाकीखालच्या दोन गल्ल्या अजून राहिल्या होत्या. तिथे शिट्टी वाजली नव्हती. तिथला गल्लीमित्र या आठवड्यात बाहेरगावी गेला होता, आणि ते काकांना माहीत होते.

"दोन गल्ल्या राहिल्यात गं," ते म्हणाले.

चिऊने त्यांच्याकडे एकदा बघितले. डोळे भरून आले होते तिचे, रागाने की भीतीने, काकांना विचारायचा धीर झाला नाही.

"मग जा लवकर," ती म्हणाली. "आणि या वेळी नीट बोला."

काका टाकीखाली गेले. तिथे त्यांनी 'नागरिकांनो' म्हटलेच नाही. ज्याच्या दारात गाडी आली त्याला ते हाक मारत गेले. "ए सुतारा, चहा ठेवू नकोस." "वहिनी, तो हंडा उतरवा." "गवळीबुवा, म्हशींनाही नको हं हे पाणी." एका दारावर कुलूप होते. कडी वाजवायला दुसरे कुणी नव्हते, म्हणून काकांनी उतरून मागच्या बाजूला जाऊन पाहिले. मागच्या अंगणात आजोबा बादलीतून पेला भरत होते. ते कानाने बहिरे होते. काकांनी पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. आजोबा संतापून म्हणाले, "तहान लागली तर पाणीसुद्धा पिऊ नये काय माणसानं?" काकांनी होकारार्थी मान हलवली. आजोबा आणखीनच संतापले.

सगळे संपवून काका रुग्णालयात पोचले तेव्हा व्हरांड्यात टेकडीवरची बरीच मंडळी बसली होती. न्हाव्याला दोनदा उलटी झाली होती आणि तो ती प्रत्येक येणाऱ्याला सांगत होता. शाळेतली काही पोरे होती. गिरणीवाला सलाइन लावून घोरत होता. कुणीही फार आजारी नव्हते. बाईंनी प्रयोगशाळेशी फोनवर बोलून घेतले होते. औषध पाण्यात पुष्कळ पातळ झाले होते, मोठ्या माणसाला एखाद्या पेल्याने फारसे काही होणार नव्हते. सात महिन्यांच्या बाळाबद्दल मात्र प्रयोगशाळेने काही सांगितले नाही.

साहेब आतल्या खोलीत पलंगावर होता. बायको आधीच येऊन बसली होती. काका दारातच उभे राहिले.

"या," बायको म्हणाली. "घरात तोंड उघडत नाही म्हणून मी रोज ओरडते. आज उघडलंत ते एकदम गावासमोर."

"मी चुकलो."

"ते टेकडीने ऐकलंय. मला वेगळं सांगायची गरज नाही. बसा आता." तिने बाकावर जागा केली.

काका बसले. साहेबाचे श्वास ते टक लावून बघत राहिले. दुपार झाली, ऊन व्हरांड्यातून भिंतीवर चढले. बाई मधून मधून येत, बाळाचे डोळे, नाडी बघत, नर्सला काही सांगत आणि जात. एकदा त्या वाकल्या असताना साहेब जागा झाला, त्याने सगळ्यांकडे बघितले आणि बाईंच्या खेळाडूच्या बुटांवर उलटी केली.

"चांगलं झालं," बाई म्हणाल्या.

"चांगलं?" चिऊ म्हणाली.

"बाहेर आलं ना." बाईंनी बुटाकडे बघितले, पुसायला काही शोधले, आणि मग काकांजवळ येऊन उभ्या राहिल्या. "काका, उद्या लेखी खुलासा द्या."

"काय लिहू, मॅडम?"

"जे झालं ते. माझा पण खुलासा जाणार आहे. वाक्य मी जोडलं होतं, आणि मजकूर दोन वेगळे ठेवायला पाहिजे होते, ते मी केलं नाही." त्यांनी बूट जमिनीवर घासला. "आणि पुढच्या वेळेपासून माइकवर दुसरं माणूस बसेल. मीच बसेन हवं तर. तुम्ही फक्त गाडी चालवा. दोन्ही हातांनी."

"बरं," काका म्हणाले. मग त्यांनी विचारले, "मॅडम, हे बाळ..."

"संध्याकाळपर्यंत ठेवते. मला लक्षणं काही दिसत नाहीत. पण ठेवते."

संध्याकाळी साहेब रडू लागला. आधी हळू, मग भरपूर, मग रुग्णालयाचा व्हरांडा दणाणून जाईल असा. न्हावी दारातून डोकावला आणि म्हणाला, "भोंगेराव, नातू तुमचाच!" बाई आल्या, त्यांनी पुन्हा तपासले आणि म्हणाल्या, "भूक लागलीय त्याला. दूध द्या. खालच्या गावातलं पाणी आहे इथं, बिनधास्त द्या. पण ती जुनी बाटली टाकून द्या."

काका उठले. रुग्णालयासमोरच्या मेडिकल दुकानात त्यांनी नवी बाटली आणि पावडरचा लहान डबा घेतला. खिशात होते तेवढे दिले, ते थोडे कमी पडले. दुकानदार म्हणाला, "असू दे, मग द्या." नर्सने पाणी गरम करून दिले. चिऊने दूध केले, मनगटावर थेंब टाकून बघितला, आणि बाटली स्वतः न देता वडिलांच्या हातात दिली. काकांनी ती धरली. साहेब तिच्यावर तुटून पडला. दोन्ही हातांनी बाटली पकडून त्याने ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली, काकांकडे रोखून बघत.

मेडिकल दुकानदाराचे पस्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.